भाट्याच्या किनाऱ्यावरचं 'सालस नृत्य'

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "ताई, शनिवारी भाट्याला महोत्सवात आमचा सालसा आहे. अप्पा येतायत. तू त्यांच्या शेजारी बस, नाहीतर ते मधेच उठून जातील."

मुग्धा माझी धाकटी बहीण, रत्नागिरीत वडिलांजवळ, म्हणजे अप्पांजवळ राहते. तिचा नाचातला जोडीदार संदेश मंडणगडचा, बँकेत नोकरीला. दोघांना लग्न करायचंय आणि अप्पा त्याला भेटायलाच तयार नाहीत. त्याचं नावही घेत नाहीत, 'तो नाचणारा' म्हणतात. मी कपडे तसेच बादलीत टाकून बॅग भरायला घेतली.

स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडलीत तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला आरामात पोहोचता. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फार चाट नाही. कऱ्हाड, मलकापूर, मग आंबा घाट. घाटातल्या वळणांनी पोटात कालवतं, म्हणून आधी भजी खाऊ नका. मी खाल्ली. वाटभर मनातल्या मनात अप्पांशी भांडत होते आणि दर वेळी हरत होते.

रत्नागिरी स्टँडबाहेर भलामोठा फलक होता: 'विशेष आकर्षण: सालस नृत्य'. शेवटचा काना गायब. आधी हसू आलं, मग अप्पा आठवले. अप्पांनी हे वाचून काहीतरी सोज्वळ, नऊवारीतलं डोळ्यांसमोर आणलं असेल तर?

"सालस नृत्य म्हणजे काय ओ ताई?" भाट्याला नेताना रिक्षावाल्यानं विचारलं. "आमची आई जाऊन बसलीय. म्हणाली, चांगल्या वळणाचं असेल."

त्याची आई एकटी नव्हती. पुढच्या रांगा शाली पांघरलेल्या आज्यांनी भरल्या होत्या. (शाल तुम्हीही न्या, खाडीवरचा वारा बोचतो. कोळंबी आधीच खाऊन घ्या, नंतर स्टॉलवर नुसती सोलकढी उरते.) अप्पा मफलर गुंडाळून बसले होते. "काय गो, आलीस? बस." मी बसले, पाणी आणायला उठले, परत बसले, पुन्हा उठले. "तुला मुंग्या चावतायत काय?" अप्पा म्हणाले.

मुग्धा लाल झग्यात आली आणि संदेशनं तिच्या कमरेला हात घातला. मागची आजी म्हणाली, "अगो, हे तर इंग्रजी दिसतंय." पण उठलं कोणी नाही. मी अप्पांची बाही धरून ठेवली होती. मुग्धा छान नाचत होती, मला धड बघवत नव्हतं. तेवढ्यात एका गिरकीत तिची टाच फळ्यांच्या फटीत अडकली. गाणं चालूच. संदेश थांबला, खाली बसला, दोन्ही हातांनी बूट सोडवला, तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. तिनं मान हलवल्यावरच पुन्हा हात पुढे केला. टाळ्या आज्यांनी सुरू केल्या. अप्पांनी वाजवल्या नाहीत.

परतताना भाट्याच्या पुलावर ते म्हणाले, "त्या फलकवाल्यानं काना खाल्लान."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मराठीचा मास्तर होतो गो मी. नाच कधी सालस असतो? माणूस असतो."

"मग तो आहे का सालस?"

त्यांनी आंब्याच्या मोहोरावरच्या फवारणीचा विषय काढला. मला पुलावरून उडी मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसेपर्यंत त्यांची फवारणीच चालू होती.

पुण्यात बादलीतले कपडे कुबट झाले होते. ते पुन्हा धुतले, सँडलमधली वाळू झटकली, आणि सारखी फोनकडे बघत राहिले. महोत्सवाला जरूर जा, समुद्र सुंदर आहे म्हणतात. मी तिकडे पाहिलंच नाही.

शेवटी मुग्धाचा फोन आला. ती काही बोलायच्या आत मागून अप्पांचा आवाज ऐकू आला, "मुग्धे, रविवारी घावने करू. संदेशला नारळाचा रस गोड लागतो की कमी गोड, तेवढं विचारून ठेव."