जमालुद्दीनच्या छतातलं सोनं

आखातातल्या उम्म अल हस्समच्या आमच्या गल्लीत परवापरवापर्यंत कुजबुज होती, की जमालुद्दीनच्या छतात सोनं आहे. बिस्किटं! ही बातमी उबेदच्या शिलाईच्या दुकानात जन्मली आणि पलीकडच्या झिंज वस्तीपर्यंत पोचेतो बिस्किटांच्या विटा झाल्या. पुरावाही भक्कम होता. हा माणूस घराच्या छताला कुणाला बोट लावू देत नसे. पंखा टांगायला आलेल्या मिस्त्रीला त्यानं चहा पाजून परत पाठवलं. रंगवाल्याला तर चहाही नाही.

जमालुद्दीन दापोलीकडचा. तरुणपणी इथल्या नव्या इमारतींच्या छतांवर तो खडबडीत गिलावा फवारायचा. जोडीला चिपळूणचा लहू. पोती फाडायची, पावडर हातानं कालवायची, तोंडाला साधा रुमालही नाही. संध्याकाळी दोघं पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखे दिसत. लहू पुढे गावी परतला आणि काही वर्षांपूर्वी छातीच्या आजारानं गेला. कसला आजार, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

जमालुद्दीनच्या राहत्या फ्लॅटचं छतही त्याच्याच हातचं. नुसरतभाभी लग्न होऊन आली तेव्हा घरात बघण्यासारखं तेवढंच होतं. शुक्रवारी जेवणं आटोपली की दोघं चटईवर आडवी होत आणि वरच्या खडबडीत गिलाव्यात आकार शोधत.

"तो बघा बांगडा," भाभी म्हणे.

"बांगडा नाय गो, दाभोळची होडी हाय."

"होडीला डोळा असतो काय?"

आम्ही कुणी जेवायला गेलो की मान वर करून साक्ष द्यावी लागे. मी कायम बांगड्याच्या बाजूनं. सांदण भाभीच्या हातचं होतं ना!

भाभीची एक खोड मात्र सुटली नाही. गावाहून येताना कपडे कमी आणायची, पण बॅगेत नारळाच्या हिराची झाडू हवीच. रमझान जवळ आला की ती झाडू काठीला बांधून घराचं छत खसाखसा झाडायची. अलीकडे जमालुद्दीन ती झाडूच लपवू लागला होता. मग काय, सोन्याच्या विटा आणखी जड झाल्या.

यंदा वरच्या मजल्यावरचा एसी गळला. छताला फुगवटा आला आणि नात सुहाच्या गादीवर खपल्या पडल्या. मी चहाला गेलो होतो. भाभीनं काठी उचलली मात्र, जमालुद्दीन ओरडला, "हात लावू नको!"

त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"का? बिस्किटं पडतील अंगावर?" भाभी म्हणाली. म्हणजे बातमी तिथंही पोचली होती!

जमालुद्दीन खाली बसला. "ॲस्बेस्टॉस असेल त्यात. धूळ छातीत गेली की बाहेर येत नाय. लहू गेला तेव्हापासून माझ्या डोक्यात हाय."

"मग तपासून का नाय घेतलंत?"

"निघालं तर? मग माझ्या छातीत पण हाय. आन तुला, पोराला, सगळ्यांना त्याच्याखाली मीच झोपवलं."

भाभीनं काठी हळूच भिंतीला टेकवली. "खलास. आता तपासायचं. रोज भिण्यापेक्षा एकदाच भिऊ."

मुलगा अझहरनं माणूस बोलावला. तोवर एसी बंद, खोलीला कुलूप, सुहा आजीजवळ. त्या माणसानं मास्क लावून छत पाण्यानं भिजवलं, चिमूटभर गिलावा पिशवीत घातला आणि जागा चिकटपट्टीनं बुजवली. निकाल आला. तो ऐकून सुहानं विचारलं, "सो, नो गोल्ड?"

घरमालकानं हे काम शिकलेली माणसं आणली. त्यांनी फुगलेला भाग ओला करून काढला आणि बाकीचं छत नव्या सपाट बोर्डांखाली बंद केलं. बांगडा त्यातच गेला. जमालुद्दीननं सलमानियाच्या इस्पितळात छातीचा फोटो काढला. सध्या काही नाही, पण दरवर्षी दाखवायला या, डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारची चटई अजून पडते. परवा भाभीनं सपाट पांढऱ्या छताकडं बोट केलं. "इथं होता."

"जरा डावीकडं," जमालुद्दीन म्हणाला. "आन होडी होती."

छतात सोनं नव्हतं. ॲस्बेस्टॉस होतं. जमालुद्दीनला तशी शंका होती, आणि खात्री करून घ्यायची भीती वाटत होती.