तांब्या मागं घ्या

"श्वास चाललाय न्हवं? मग बाकी समदं हुतंय."

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत कोणी काहीही रडगाणं घेऊन गेलं की मेजरांचं उत्तर हेच. नळाला पाणी नाही, सून रुसून माहेरी गेली, नातू गणितात आपटला. मेजर आधी समोरच्याची छाती वर-खाली होतेय ना ते बघायचे आणि हे वाक्य टाकायचे. सांत्वन म्हणून अगदीच कुचकामी. पण खोटं म्हणायचीही सोय नव्हती.

मेजर खरं तर फौजेच्या दवाखान्यातले हवालदार. पण साताऱ्यात निवृत्त फौजी म्हटला की तो मेजरच, हे तुम्हीही पाहिलं असेल. असे लोक पुढे शेती बघतात, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. यांनी लोकांचे श्वास बघायला घेतले. मारुतीच्या देवळात प्रवचनाला कोणाची मान कलंडली की हे उठलेच. त्याच्या तोंडाशी गाल नेणार, डोळे छातीवर ठेवणार आणि जाहीर करणार, "झोपलाय. चालू द्या." बुवांनी शेवटी त्यांच्यापुढे हात जोडले.

माझी ओळख झाली ती आमच्या यजमानांच्या घोरण्यामुळे. एसटीत मान छातीवर टाकून ह्यांचा इंजिनाशी सामना चालला होता. मागच्या सीटवरून दोन हात आले. एक कपाळावर, दुसऱ्याची दोन बोटं हनुवटीखाली. मान जराशी मागे, हनुवटी वर, आणि घोरणं बंद! मी जन्मभर कोपराने ढोसत आले होते.

"जीभ मागं पडतीय, वैनी. वाट अर्धी बंद हुती. घोरणं म्हंजे दाराची कुरकुर."

मी प्रभावित झाले. बासष्टाव्या वर्षी मी जरा अल्लडच होते. मेजर गावोगावी प्रथमोपचार शिकवायचे आणि त्यांना बेशुद्ध पडायला माणूस हवं होतं. मला तरुणपणी नाटकात काम करायचं होतं, वडिलांनी करू दिलं नाही. आता भूमिका चालून आली, तीही निपचित पडण्याची. पण बेशुद्ध पडायला निघालेल्या या बाईचा तोरा बघायला हवा होता! इस्त्रीची साडी काय, अंबाड्यात गजरा काय. पहिल्याच प्रयोगात मी पदर सावरत पडले.

"आवं वैनी, बेशुद्ध माणूस पदर सावरत न्हाई."

दुसऱ्यांदा हसू फुटलं.

"हसत बी न्हाई."

पाठ ठरलेला असायचा. आधी हाका मारायच्या, खांदे हलवायचे. मग हनुवटी वर करून गाल तोंडाशी न्यायचा. श्वास ऐकायचा, गालावर जाणवतो का बघायचं, नजर छातीवर, मनात दहा मोजायचे. श्वास नसेल तर छाती दाबायची आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. असेल तर कुशीवर वळवायचं. आणि मग तळहात पुढे करून मेजर गर्दीवर ओरडायचे, "तांब्या मागं घ्या!" कारण आपल्याकडे माणूस पडला की डॉक्टरच्या आधी तांब्या येतो. "बेशुद्ध माणूस गिळत न्हाई. पाणी थेट फुप्फुसात जातंय."

सगळं आटोपलं की म्हणायचे, "उठा वैनी, चहा आलाय." तोवर मी उठायची नाही. कलाकार ना मी!

औंधला यात्रेत आमचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला. मी डोळे मिटून पडलेली, मेजर गर्दीला मोजून दाखवतायत. तेवढ्यात एक म्हातारी आत घुसली आणि "आई यमाई, उठीव गं हिला," म्हणत वाटीभर तीर्थ माझ्या तोंडात! असा ठसका लागला की मी ताडकन उठून बसले. बायका पाठीत धपाटे घालायला धावल्या.

"मारू नका! खोकतीय म्हंजे वाट उघडी हाय, खोकू द्या!" मेजर ओरडत होते. ऐकतंय कोण?

"यमाईनं उठिवली! आवं, पार गेली हुती की!"

बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मेजरांच्या सगळ्या शिकवणीवर वाटीभर पाणी फिरलं. आणि ती बासष्टची शहाणी काय करत होती? आशीर्वाद देत होती.

परतीच्या एसटीत मेजर खिडकीबाहेर बघत बसले. मी चिडवलं, "देवीने नापास केलं तुम्हाला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचा बाप, आबा, ऊस तोडताना पडला. श्वास चालू हुता. समद्या भावकीनं मायेनं पाणी पाजलं. तांब्या माझ्याच हातात हुता, वैनी."

मी त्यांच्याकडे वळले.

"माझी बी येळ आली की तांब्या येनार. तुमी अडवायचा. श्वास हाय तवर थेंब न्हाई."

"बरं," मी म्हणाले. मनात म्हटलं, हा माणूस मला पुरून उरणार आहे.

गेल्या वर्षी मेजर आजारी पडले आणि डॉक्टरांनी हात टेकून त्यांना घरी न्यायला सांगितलं. भर दुपारी त्यांची सून मला बोलवायला आली. खोलीत भावकी दाटलेली. मेजर उताणे, घशात घरघर. त्यांची थोरली बहीण उशाशी बसलेली, तांब्यात गंगाजल, तुळशीचं पान तयार. तिने चमचा भरला.

मी तळहात पुढे केला. "तांब्या मागं घ्या!"

"शेवटचं पाणी हाय, बाई! माझ्या भावाला तहानलेला धाडतीस व्हय?"

"श्वास आहे अजून," एवढंच म्हणाले, "आणि त्यांनीच सांगून ठेवलंय." सुनेच्या मदतीने त्यांना कुशीवर वळवलं. घरघर कमी झाली. बहीण मला शिव्या घालत होती. मी गाल त्यांच्या तोंडाशी नेला. श्वास गालावर येत होता. मग थांबून थांबून यायला लागला. मग आलाच नाही. मी दहा मोजले. विश्वास बसेना म्हणून परत मोजले.

"आता द्या," म्हटलं आणि बाजूला झाले.

बहिणीने तुळशीच्या पानावरून पाणी सोडलं. ते ओठाच्या कडेने उशीवर उतरलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. थोड्या वेळाने शेजारच्या घरातून किटली आली.

"चहा आलाय," दारातून कोणीतरी म्हणालं.

सवयीने मी मेजरांकडे बघितलं.