आहेरात गेलेल्या टोप्या

उदगीरला आमच्या शेजारी माणिकप्पाचं बियाण्याचं दुकान आहे. त्याला पी-कॅपचा, पुढं चोच असलेल्या टोप्यांचा नाद. कंपन्यांची माणसं सरकी, सोयाबीनच्या प्रचाराला येत आणि टोप्या वाटत, तिथून सुरुवात झाली. पुढं शंभरावर जमल्या. कुठलीही उचलून विचारा, साल, गाव, देणारा माणूस, सगळं तोंडपाठ. नीलावहिनी म्हणायच्या, "आमच्या लग्नाची तारीख इचारा, ती येत न्हाई."

नात अक्षराचं लग्न निघालं तेव्हा रंग द्यायला भिंतीवरच्या टोप्या उतरवल्या आणि पेटीत भरल्या. लग्नादिवशी मला आहेराच्या खोलीत बसवलं. चार माणसांत बोलायला मी बुजतो, म्हणून ते काम मला बरं वाटलं. मुलाकडच्यांना टॉवेल-टोपी द्यायची होती.

"टोप्या पत्र्याच्या पेटीत हायत," एवढं सांगून वहिनी गेल्या.

पत्र्याच्या पेट्या दोन होत्या. मी उघडली तिच्यात माणिकप्पाच्या टोप्या. क्षणभर हात थांबला. मग वाटलं, नातीसाठी माणसानं जिवाची वस्तू काढली असेल. विचारायला हवं होतं. पण बाहेर बायकांचा घोळका, त्यातून वहिनींना हाक कशी मारायची? एकेका टॉवेलवर एकेक टोपी ठेवून मी पाठवत राहिलो.

मांडवात आलो तर नायगावचं सगळं वऱ्हाड टोप्या घालून बसलेलं. धोतरवाल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरची लाल टोपी. व्याही शरणप्पांच्या डोक्यावर निळी, माणिकप्पाची सगळ्यांत लाडकी. आहेराच्या पांढऱ्या टोप्यांची दुसरी पेटी आत खोलीत तशीच बंद होती.

माणिकप्पा जागीच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. दिलेला आहेर मागता येत नाही. मागितला तर अक्षराला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

तो शरणप्पांजवळ गेला. त्यांची टोपी नीट बसवली.

"पाव्हणं, ही भूकंपाच्या सालची. किल्लारीला भाकरी वाटायला गेलो होतो. एक परदेशी डॉक्टर उन्हात राबत होता. जाताना ही माझ्या डोक्यावर ठेवून गेला. बेसबॉल म्हणून त्यांचा खेळ हाय, त्याची टोपी."

"कसा असतो तो खेळ?"

"काय माहीत. मला टोपीच माहीत हाय."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "मग माझी कुठली, ते सांगा की." त्याची सांगितली. तिसऱ्यानं डोकं पुढं केलं. पंगत खोळंबली, वाढपी बादल्या धरून ऐकत उभे राहिले.

"नवरीकडं कुणी बघंना झालंय," वहिनी म्हणाल्या.

आठवड्यानं मांडवपरतणीला नायगावची मंडळी आली, संगं मोठं गाठोडं. शरणप्पांनी माणिकप्पाला पाटावर बसवलं.

"आहेराला आहेर करावा लागतो," ते म्हणाले, आणि एकेक टोपी त्याच्या डोक्यावर चढवायला लागले. प्रत्येकीबरोबर तिची गोष्ट, ऐकली होती तशी. कुठं साल चुकलं की खालून माणिकप्पा दुरुस्त करायचा. पाचव्या टोपीला मनोरा कलंडला. अक्षरा हसून हसून खाली बसली.

निळी तेवढी राहिली, ती शरणप्पांच्याच डोक्यावर होती. शरणप्पांनी ती काढायला हात वर नेला. माणिकप्पानं तो धरला.

"ती असू द्या. नायगावात तिची गोष्ट सांगायला कोणीतरी पाहिजे."

मग तो माझ्याकडं वळला. "आन् बसवंत, पुढच्या लग्नात तू पंगतीत पाणी वाढायचं. खोलीत पाय ठेवायचा न्हाई."