जॅकखालची कविता

किस्से कोणी जमवत नाही, ते साठतात. ठसे वाळत घालायला दोरी लागते, चिमटे लागतात; किस्स्यांना तेही लागत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं नसरीन आपांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. आपा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. भास्करकाका मूळचे पिशोरचे, बस डेपोत मेकॅनिक होते. तिसरी मी. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि कविता करते. लिनो नावाच्या रबरासारख्या जाड तुकड्यावर कविता कोरायची, लाकडी ठोकळ्यावर चिकटवून शाई लावायची, कागदावर छापायची, आणि मध्ये कॉफी. नातेवाईक विचारतात, यातून मिळतं काय? खरं सांगायचं तर तेच बघायला आम्ही जातो.

*

कॉफीच का, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. आपांच्या घरात खाली दोन दीर, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळं खटलं.

आपा म्हणाल्या, "चाय बोले तो पूरा घर ऊपर आता. कॉफी म्हटलं की फक्त आपण."

भास्करकाकांनी पहिले चार रविवार ती कॉफी डोळे मिटून एका दमात घेतली, काढा घ्यावा तशी. पाचव्या रविवारी दुसरा कप मागितला. आता कॉफी पातळ झाली तर सर्वात आधी तेच कुरकुरतात.

*

सुरुवातीला आम्ही वाटीच्या बुडानं कागद घासून ठसा काढायचो. काकांना ते बघवेना. त्यांनी लोखंडी चौकट वेल्ड करून आणली, मधे बस उचलायचा जुना जॅक बसवला आणि माझ्या कवितेवर पहिला दाब दिला. मी म्हटलं, काका, जरा जपून.

"बस उचलतोय ह्यो. तुझी कविता काय लई जड हाय का?"

कविता जड नव्हती, पण लिनो भाकरीसारखा पसरला आणि सगळी अक्षरं फुगली. तेव्हापासून दाब किती द्यायचा ते आपा ठरवतात आणि दांडा काका मारतात.

*

आमचा एक नियम आहे. आपली कविता आपण कोरायची नाही, दुसऱ्यानं कोरायची. नियम आपांचा, आणि त्यात सर्वात जास्त भरडले गेले ती मी. माझी सव्वीस ओळींची कविता त्यांच्या वाट्याला आली. एकेक वेलांटी कोरायला किती वेळ लागतो ते कोरणाऱ्यालाच कळतं. आपा हातातली सुरी थांबवून विचारायच्या, "ये 'निळ्याशार'का क्या काम है? आभाळ दुसरं कोणत्या रंगाचं असतं?"

मी प्रत्येक शब्दासाठी भांडले. अगदी इरेला पेटून भांडले. तीन रविवारांनी सव्वीस ओळींच्या चार उरल्या. घरी येऊन त्या चार वाचल्या तेव्हा गपचूप कबूल केलं की कविता तेवढीच होती. आपांना मात्र अजून सांगितलेलं नाही.

*

आता काकांचं दुखणं. दोन वर्षांत त्यांनी कितीतरी ठसे घरी नेले, पण कमलकाकूंनी एकही भिंतीवर लागू दिला नाही. एक पिठाच्या डब्याच्या तळाशी गेला, एकावर कुरडया वाळल्या. भिंतीवर देव आणि कॅलेंडर, तिसऱ्याचं काम काय, असा काकूंचा सरळ हिशोब.

"एकदा तिच्या हातानं भिंतीला लागू दे," काका आम्हाला म्हणायचे. "मंग मला कायबी नको."

माणूस जन्मभर इंजिनं खोलत आला. त्याला हे असं लागून राहावं याचं मला नवल वाटायचं, आणि वाईटही.

*

काकांनी डोकं लढवलं. कॅलेंडरला जागा आहे ना, मग आपण कॅलेंडरच छापू. बारा महिन्यांचे बारा ठोकळे, प्रत्येकावर दोन ओळी. तिघांनी सगळी थंडी त्यात घातली. काकूंनी चष्मा लावून जानेवारी ते डिसेंबर पानं उलटली आणि विचारलं, "चतुर्थ्या कुठंयत?"

ते कॅलेंडर आता माझ्याकडे आहे. खरंच त्यात एकही चतुर्थी नाही.

*

शेवटी काकांनी काकूंच्या माहेरचा बैल काढायला घेतला. काकू देवगाव रंगारीच्या. त्यांच्या वडिलांचा हौशा नावाचा बैल, त्याचं डावं शिंग मोडकं, आणि घरात त्याचा एक जुना फोटो, समोरून काढलेला. काकांनी महिनाभर तो फोटो पुढं ठेवून हौशा कोरला. खाली माझ्या दोन ओळी:

रान नांगरून झालं,
सावली तेवढी मागं राहिली.

सगळ्यांत सुंदर ठसा तो. आपांनी स्वतः कागद उचलला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. काकांनी तो घरी नेला. काकूंनी पाहिला, जवळ घेऊन परत पाहिला.

"हौशाचं डावं शिंग मोडलेलं व्हतं. ह्यो कोनाचा बैल?"

छापताना सगळं उलटं होतं. त्यामुळे अक्षरं उलटी कोरायची, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बैलही उलटा कोरावा लागतो, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं! त्या रविवारी काकांनी कॉफी अर्धी टाकली. मला रडू यायचं बाकी होतं.

*

चार दिवसांनी काकांचा फोन आला. नव्यानं कोरण्यासाठी मापं घ्यायची म्हणून त्यांनी जुना ठोकळा घरी नेला होता आणि शाई पुसून ओसरीत ठेवला होता. बाजारातून परत आले तर तो समोरच्या भिंतीवर. खिळा काकूंनीच ठोकलेला.

आपा आणि मी बघायला गेलो. काळपट ठोकळ्यावर हौशा, डावं शिंग मोडकं, अगदी फोटोतल्यासारखा. खाली माझ्या ओळी, उलट्या अक्षरांत. काका खुर्चीत नुसते हसत बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथं थांबतो आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारतो, मग काकू सांगतात, असं ते म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काय लिहिलंय, काकू?"

काकूंनी पदरानं हात पुसले, ठोकळ्यापाशी आल्या आणि एकेका उलट्या अक्षरावरून बोट फिरवत म्हणाल्या,

"मोडकं शिंग घेऊन दारात आला,
नांगर एकदाबी वाकडा नाय गेला."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते.

काकू माझ्याकडे वळल्या. "तूच लिवलंयस म्हनं. बराबर सांगितलं ना मी?"

"हो काकू," मी म्हटलं. "अगदी हेच लिहिलंय."