लाभार्थी मनकर्णाबाई

भेंडी तोडायच्या पात्याचा शोध आंजीच्या मनकर्णाबाईंनी लावला हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांचं नाव गाळलेला अर्ज मीच टाइप केला. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात क्लार्क. वर्ष झालं, राग जात नाही. त्यातला निम्मा स्वतःवरच आहे.

बाईंची अर्धा एकर भेंडी. भेंडीची लव बोटांना खाते. बाया चिंध्या गुंडाळून तोडतात, तरी भाकरी थापताना हात चुरचुरतात. आमच्या कॉलेजातले प्राध्यापक नीरज सर भेंडी तोडायची कात्री बनवून त्यांच्या शेतात गेले. कात्री दोन्ही हातांनी चालवायची! बाई म्हणाल्या, "सर, दोनी हात कात्रीलेच लावले त झाड काय दातानं धरू?"

चार दिवसांनी बाईंनीच तोड काढली. मोडक्या विळ्याचं पातं घासलं, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात बसवलं आणि अंगठ्यात चढवलं. एक हात झाडाला, एक भेंडीला. सरांनी फोटो काढले, मापं घेतली, तेच स्टीलमध्ये घडवलं आणि त्याला स्वतःचं संशोधन म्हणाले.

मग विद्यापीठांतलं संशोधन बाजारात आणायची सरकारी योजना आली. प्रयोगशाळा जनतेच्या पैशाची, सरांचा पगार जनतेच्या पैशाचा, आता कंपनी काढायलाही जनतेचंच अनुदान. तेही चालेल, लोकांचा पैसा लोकांच्या कामी यावा. पण हक्क सगळा सरांच्या कंपनीचा, आणि जिच्या अंगठ्याचं माप घेतलं तिच्या शेजारणींनी ती वस्तू दुकानातून विकत घ्यायची! ही कुठली रीत?

अर्जात दोनच रकाने होते, संशोधक आणि लाभार्थी. "बाईंचं नाव कुठं घालू?" मी विचारलं.

"संशोधकापुढे पदवी लागते. त्यांची काय लिहाल? लाभार्थ्यांत टाका."

मी मुकाट्यानं टाकलं.

बाईंना कळवलं तर त्या खूश! घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं, या यादीत लागलं. लाभार्थी म्हणजे लाभातला वाटेकरी, असं त्या समजल्या. गावभर सांगितलंही. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

अनुदान मिळाल्याच्या कार्यक्रमाला त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. पाहुण्यांनी त्यांच्या हाती एक खोका दिला. "सरांनी खास तुमच्यासाठी लावलेला शोध!" टाळ्या पडल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार! वस्तू मिळाल्याची सही घ्यायला मी रजिस्टर घेऊन गेलो.

बाईंनी खोका उघडला, पातं अंगठ्यात घातलं आणि तिथंच थांबल्या.

"हे त माहंच हाय. माही वस्तू मलेच देऊन राह्यले?"

सर हसले. "बाई, तुम्ही लाभार्थी आहात. लाभार्थी म्हणजे ज्याला फुकट मिळतं तो."

"असं हाय काय?" बाईंचा आवाज चढला. "मंग मले काय मिळालं? माह्याजवळ त हे पयलेच होतं. मिळालं तुमाले. लाभार्थी तुमी झाले, सर."

त्यांनी पातं काढून खोक्यात ठेवलं आणि खोका सरांच्या हातात दिला. "घ्या. म्या देलं. आता मिळालं म्हून सही करा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंना आवरा अशा नजरेनं. मी बाईंपुढचं रजिस्टर उचललं आणि सरांपुढे ठेवलं.