चिमटीतला कापूस

कापूस दिसला की कवडूजींचा हात आपोआप पुढे जायचा. ते तो चिमटीत धरून चोळायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "कोरडा हाय" किंवा "ओला हाय." मला हसू यायचं. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन भंडाऱ्याजवळच्या प्लास्टिक कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि ते आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. घराणं विणकरांचं. मागावर भागेना म्हणून ते इकडे आले. घरचा माग त्यांची बायको जनाबाई चालवायची.

विजेच्या बोर्डाच्या डब्यांसाठी सहजी पेट न घेणारं प्लास्टिक तयार करायचं, हे माझं काम. चाचणी साधी होती. प्लास्टिकची पट्टी उभी टांगायची, खालून ज्योत लावून काढून घ्यायची. पट्टी विझली पाहिजे आणि तिच्यातून गळालेल्या थेंबाने खालचा कापूस पेटता कामा नये. चार महिने माझा कापूस पेटतच होता. कवडूजी राख झाडत म्हणायचे, "आज नाई जमलं तं उद्या करू, साहेब. मी काई कुठी जाऊन नाई राहिलो."

ऐन श्रावणात कापूस पेटला नाही. पाचही पट्ट्या पास. मालकांनी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी नमुना गिऱ्हाइकाकडे जायचा होता. कवडूजींनी मात्र पेढा बाजूला ठेवला आणि उरलेला कापूस चिमटीत धरला.

"साहेब, हा ओला हाय."

"पावसाळा आहे, कवडूजी. सगळंच ओलसर असतं."

"मंग पेटन कसा? मले तुमची रसायनं नाई समजत. पण माह्या घरी बोर्डाच्या खालीच माग हाय. जना दिवसभर तिथं बसून राह्यते. उन्हाळ्यात तिच्या पुढ्यातलं सूत खडखडीत वाळलेलं असते."

त्यांना खोटं पाडायलाच मी तो कापूस ओव्हनमध्ये वाळवला आणि नवी पट्टी टांगली. थेंब पडला, कापूस भपकन पेटला. नमुना पाठवणं रद्द झालं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. राग होता म्हणा, पण खरं तर लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी ते घरून घट्ट झाकणाचा डबा घेऊन आले. आत ओल शोषून घ्यायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि त्यावर कोरडा कापूस. "चला साहेब," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास त्या डब्यातल्या कापसावर माझं प्लास्टिक पास झालं. त्या दिवशी कवडूजींनी दोन पेढे खाल्ले. पुढे तयार झालेल्या बोर्डाच्या पहिल्या डब्यांतला एक त्यांनी घरासाठी मागून घेतला.

गेल्या वर्षी ते गेले. तेरवीनंतर मी भेटायला गेलो, तेव्हा जनाबाई मागावर होत्या. उठू लागल्या, मी बसा म्हटलं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला आमचा बोर्डाचा डबा होता, आता पिवळा पडलेला.

"ते म्हनत," त्या वर पाहत म्हणाल्या, "साहेबाचा डबा हाय, बिनघोर बस."

मी मागावरचं सूत चिमटीत धरून पाहिलं. कोरडं होतं.