अवसेच्या शनिवारची मजुरी

९ मार्च १९७६, मंगळवार. सकाळपासून मी दाभण-दोरा घेऊन फाइली शिवत बसले होते. जालन्याच्या आमच्या कामगार कचेरीत शिपाई रजेवर गेला, की हे काम माझ्याकडे, म्हणजे कारकुनाकडे येई.

अकराला सुनावणी होती. आष्टीकडच्या चार बायका एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला होत्या. सहा आठवड्यांची मजुरी मिळालीच नाही, असा त्यांचा अर्ज. जिनाचे मालक शेठ मुकादमाला घेऊन आले आणि त्यांनी मस्टर साहेबांपुढे ठेवलं. दर शनिवारी मजुरी दिल्याची नोंद, समोर अंगठा. अंगठा कबूल झाला की अर्ज बहुधा तिथंच फेटाळला जाई.

"अंगठे तुमचेच ना?" साहेबांनी विचारलं.

"आमचेच," चौघींतली थोरली म्हणाली. "मुकादमानं पैल्याच दिशी समद्या पानांवर घेतले. म्हने, दर हप्त्याला हात काळे करायला टाइम कोनाला हाय?"

"आता पलटून राह्यल्या, साहेब," मुकादम म्हणाला.

"मावशी, अंगठा दिला म्हणजे पैसे पोचले असंच धरतात," मी सांगितलं. खोटी आशा लावणं मला जमत नाही.

ती माझ्यावरच उखडली. "मंग कोन्त्या दिशी पोचले, ते तरी वाचा की बाई!"

मी वाचू लागले. तीन जानेवारी, दहा, सतरा, चोवीस, एकतीस.

"थांबा," थोरलीनं मला अडवलं. "त्या शनवारी अवस व्हती."

मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून साहेबांपुढे ठेवलं. पौष अमावस्या, शनिवार.

"अमावस्येला मजुरी वाटली?" साहेबांनी विचारलं.

शेठ तोंड उघडायच्या आत मुकादमच दुखावल्या आवाजात म्हणाला, "छे छे! अवसेला आमच्या शेठची तिजोरी बिलकुल उघडत न्हाई. वीस वर्सांत एकदा न्हाई, साहेब!"

थोरलीनं पदर तोंडाला लावला. मुकादमानं सगळे शनिवार एका बैठकीत लिहून काढले होते, पंचांग न बघता.

मग शेठ तडजोडीला आले. "पूर्ण मजुरी उद्या सकाळी देतो. अंगठे आजच घेऊन टाका, म्हणजे प्रकरण मिटलं."

"म्हंजे पुन्हा तेच!" थोरली म्हणाली. "आधी पैसे, मंग अंगठा."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी दहाची वेळ दिली. चौघी गावातल्या कुणा नातेवाइकाकडे मुक्कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीचं कुलूप काढलं, तडजोडीचा कागद टेबलावर ठेवला आणि शाईचं पॅड माझ्या खणात टाकलं. शेठ दहाला आले ते मोकळ्या हातांनी. "बाई, मुनीम पैसे घेऊन निघालाच आहे. तोवर अंगठे उरकून घ्या."

"येऊ द्या त्यांना," मी म्हटलं.

मुनीम पावणेअकराला आला. चौघींनी आपापले पैसे दोन-दोनदा मोजले. मग मी खण उघडला.